लाखेतला राजा

लेच्चे गावात दोनातो कुप्पारींचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक खोकला घेऊन यायचं. पण त्याच्या खिशात एखादं जुनं नाणं निघालं, की खोकल्याला वाट बघावी लागे. गेली वीस वर्षं ते व्हेरोनाच्या विद्वान मठाधिपतींना नाण्यांविषयी पत्रं लिहीत होते. उत्तरं आली तीन. तिसऱ्यात ‘आपले निरीक्षण रोचक आहे’ असं एक वाक्य होतं, ते अर्ध्या गावाला पाठ झालं होतं.

मग एका विहिरीच्या गाळात चांदीचं नाणं सापडलं. त्यावर कुणा राजाचं नाव होतं. अक्षरं बारीक, दोनातोंच्या अधू डोळ्यांना पहिली दोनच लागली; पण त्या दोन अक्षरांनी सुरू होणारा राजा कुठल्याच ग्रंथात नव्हता. त्यांनी तांबडी लाख तापवून ठसा घेतला आणि पाठवून दिला.

“मठाधिपती वाचतील. ग्रंथात राजाचं नाव येईल, खाली बारीक टायपात माझं.”

“अहो, राजाचं राहू द्या,” बायको क्रेशेन्त्सा म्हणाली. “काल मला ‘या बाई, काय होतंय’ म्हणालात! डोळे राखणाऱ्या सांता लुचियाला मी चांदीचे डोळे बोललेय तुमच्यासाठी. घरात चांदी म्हणाल तर तेवढं नाणंच.”

दोनातो कुरकुरले, मग हसले. “ने. विद्या लाखेत उतरली, उरला तो धातू.”

सोनाराने नाणं वितळवून दोन डोळे ठोकून दिले.

चार महिन्यांनी उत्तर आलं, सोबत लाखेचा गुळगुळीत गोळा. ‘ठसा उमटलेला नाही. दुसरा घेऊन पाठवावा. ग्रंथात जागा राखली आहे.’

दोनातोंनी गोळा हुंगला. गंधक. मेसिनात प्लेग होता. इकडून, दक्षिणेतून, जाणारं प्रत्येक पत्र सीमेवर गंधकाची धुरी द्यायला विस्तवावर धरून मगच पुढे सोडत. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोनातोंना तर जास्तच, धुरीची पूड त्यांच्याच दुकानातून जायची.

“मग घ्या की दुसरा...” म्हणता म्हणता क्रेशेन्त्सा थबकली. “मी सोनाराला विचारते.”

“काय विचारशील, अगं? डोळ्यांत राजा शिल्लक आहे का म्हणून?”

तरी दोनातो स्वतः चर्चमध्ये गेले. सांता लुचियाच्या पायाशी चांदीच्या डोळ्यांच्या कितीतरी जोड्या टांगलेल्या. आपली त्यांना लगेच सापडली. नवस पावला होता; कडेला ठोकलेली सोनाराची तिळाएवढी खूणसुद्धा चार हातांवरून स्वच्छ वाचता आली.

बाकी चांदी कोरी होती. ती पहिली दोन अक्षरं पुटपुटत ते बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले.