भागवतरावांच्या चौदा पायऱ्या

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात भागवतराव एकतीस वर्षं पॅनमन होते. पॅन म्हणजे घराएवढी बंद कढई. तिच्यात पाक आटवून साखरेचा दाणा धरायचा. तो धरला की नाही, हे भागवतराव काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, अंगठ्यानं चोळून सांगत. बाकी जगात त्यांचं फारसं कुणी ऐकत नसे. घरी मालनबाई तर त्यांना चहासुद्धा करू देत नसत. गोडाचा अंदाज नाही म्हणून.

महिनाअखेर निवृत्ती होती. पण मुदतवाढ मिळेल अशी त्यांना आशा होती, कारण त्यांच्याशिवाय पॅन चालायचा नाही असं सगळेच म्हणत. साहेबांच्याही कानावर ते गेलं, आणि त्यांनी नव्या इंजिनिअर मोनिकाताईंना वही देऊन धाडलं. डोक्यातलं सगळं कागदावर आणायचं.

"दाणा धरला हे कसं ओळखता, काका?"

"कळतं."

"'कळतं' असं लिहिता येत नाही हो."

"मग 'समजतं' लिहा."

हाताखालचा आसाराम कानाशी लागला, "काका, सांगू नगा. कागद झाला की तुमी घरी."

हे भागवतरावांना कळत होतंच. पण खोटं सांगायचं तर ते आधी सुचायला हवं. चार दिवस ते सांगत गेले, ताई घड्याळ लावून लिहीत गेल्या. चौदा पायऱ्या झाल्या. सातवी अशी: 'वाफ अर्धी करून खिडकीपाशी पाच मिनिटे थांबावे.' तिथं ते तंबाखू मळायला जात. ताईंनी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी चाचणी. भागवतरावांनी स्टुलावर गप्प बसायचं, आसारामनं कागद वाचून पॅन चालवायचा. आसाराम माळकरी, पण सातव्या पायरीला तोही इमानदारीत खिडकीपाशी गेला आणि पाच मिनिटं उसाच्या गाड्या बघत उभा राहिला.

दाणा एकसारखा उतरला, टपोरा.

"वा!" साहेब चिमूट तळहातावर घेऊन म्हणाले. "भागवतराव, आता मुदतवाढीचं टेन्शन न्हाई. खुशाल आराम करा."

टाळ्या झाल्या. भागवतरावांना वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. निदान वाईट. त्यांनी थोडी वाट पाहिली. काही आलं नाही.

मोनिकाताईंनी कागद पुढे केला. "काका, इथं सही. 'माहिती देणार'."

त्यांनी केली.

"आणि इथं. 'प्रशिक्षण मिळालेले कर्मचारी'. सगळ्याच पॅनमनची लागते."

त्यांनी तिथंही केली.