शिळं अजून खाल्लंच नव्हतं

माझ्या प्रभावहिनीला स्वतःला एकच आजार होतो, तो म्हणजे पित्त. डोकं दुखलं, पित्त. पाय सुजले, पित्त. झोप लागली नाही, पित्तच. दुसऱ्या कुणाला साधी शिंक आली तरी ही बाई वाफाऱ्याचं भांडं घेऊन त्याच्यामागे फिरते, पण स्वतःचं काही निघालं की हात झटकून मोकळी. तिची नणंद म्हणून मी आयुष्यभर हे बघत आले आहे आणि आयुष्यभर चिडत आले आहे.

आम्ही मूळ मनमाडचे. माझा थोरला भाऊ गुलाबराव रेल्वेत गार्ड होता. त्याची बदली जयपूरला झाली, दुर्गापुऱ्यात घर झालं आणि परत जायचं राहूनच गेलं. पुढे मलाही इथेच मालवीय नगरात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली. मी एकटी राहते, त्यामुळे वहिनी मला दर आठवड्याला डबा पाठवते आणि मी तिला दर आठवड्याला बोलणी ऐकवते.

दादाला काही वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला होता. क्रिकेटची मॅच बघता बघता त्याने छाती धरली आणि तो सोफ्यावर वाकडा झाला. वहिनीने चप्पलसुद्धा न घालता शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि त्याला वेळेत दवाखान्यात नेलं. दादा वाचला, आणि त्या दिवसापासून या विषयाचा प्रोफेसर झाला. कुणीही पाहुणा आला की चहाबरोबर दादाचा अटॅक मिळायचा. छातीवर धान्याचं पोतं ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे, इथून कळ निघून ती डाव्या हातात गेली पाहिजे, असं तो हाताने दाखवून सांगायचा. तसं नसेल तर तो अटॅकच नव्हे. घरात बीपीचं मशीन आलं, मिठाला बंदी आली, दादाच्या गोळ्या वहिनीच्या पर्समध्ये कायमच्या राहायला आल्या. त्या मशीनचा पट्टा वहिनीच्या दंडाला कधी लागलेला मी तरी पाहिला नाही.

आता बासोड्याचं सांगते. होळीनंतरच्या अष्टमीला इथे शीतलामातेचा हा सण असतो. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, अष्टमीला गॅस पेटवायचा नाही, चहासुद्धा नाही. देवीला थंड नैवेद्य दाखवायचा आणि मगच घरच्यांनी ते शिळं खायचं. माझी भाची देवयानी लहानपणी कांजिण्यांनी फणफणली होती तेव्हा शेजारणीने वहिनीला हे सुचवलं. देवयानी बरी झाली आणि वहिनीने बासोडा असा धरला की राजस्थानी बायकांनी तिला विचारायला यावं. पुऱ्या, पुए, राबडी, दहीभाताचा गोड ओलिया, शिवाय आमची पुरणपोळी. खाणारी माणसं तीन, पण स्वयंपाक गल्लीचा.

त्या वर्षी आदल्या दिवशी मी मदतीला गेले, तर वहिनी स्टुलावर बसून पुऱ्या तळत होती. स्वयंपाकघरात बसलेली वहिनी मी त्याआधी पाहिली नव्हती. विचारलं तर म्हणाली, जरा थकवा आहे. मधूनच ती जबडा चोळायची. दाढ असेल म्हणून देवयानीने दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. पाठीत दोन खवाट्यांच्या मध्ये दुखत होतं, ते लाटून लाटून. गच्चीवरून कपडे आणायला गेली तर जिन्यात कठडा धरून उभी राहिली, ते वय झालं म्हणून. प्रत्येक दुखण्याला हिच्याकडे एक कारण तयार होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, बासोडा होऊन जाऊ दे. दादा बाहेरून म्हणाला की आनंदीला, म्हणजे मला, कशातही संकट दिसतं, हार्टचं असतं तर छातीत दुखलं असतं. दोघांशी भांडून मी घरी गेले.

सकाळी पूजेला जायचं म्हणून मी परत आले. ताट तयार होतं, वर जाळीचा रुमाल. वहिनी नवी साडी नेसून उभी होती आणि तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता. ताट उचलायला वाकली, ते तसंच ठेवून न्हाणीघरात गेली आणि तिला उलटी झाली.

सगळ्यांना लगेच कळलं काय झालंय. दादा म्हणाला, शिळं बाधलं, मी दरवर्षी सांगतो. पूजेला बोलवायला आलेली शेजारीण म्हणाली, होतं असं, लिंबूपाणी द्या. देवयानीचं मराठी अर्धं हिंदीच असतं. तिने मला समजावलं, “आत्या, मतलब मम्मीला सकाळपासून चहा नाही मिळाला ना, त्याचंच असेल.” वहिनीनेही मान हलवली. एकमताने पित्त पास झालं.

मी त्या ताटाकडे बघत होते. ओलियावरची साय मोडलेली नव्हती. पुऱ्यांची चळत जशीच्या तशी. देवीला दाखवल्याशिवाय या बाईने आजवर कणभर तोंडात टाकलेलं नाही, आणि रात्री थकल्यामुळे ती न जेवताच झोपली होती.

“शिळं बाधलं म्हणता,” मी विचारलं, “पण ते खाल्लंय कुणी?”

मी वहिनीचा हात धरला. तो गार होता आणि डोक्यावर पंखा चालू असताना तिच्या ब्लाऊजची पाठ घामाने भिजली होती. माझ्या कॉलेजात सुरुची नावाच्या प्राध्यापिका होत्या. पाठ दुखते, मळमळतं म्हणत त्या तास संपवून स्टाफरूममध्ये येऊन बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. मला त्या आठवल्या.

मी म्हटलं, गाडी काढा. वहिनी म्हणाली, आधी देवीला दाखवून येऊ, बायका खोळंबल्यात. दादाने परीक्षकासारखं तिला विचारलं, छातीत दुखतंय का? ती म्हणाली, नाही. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, बघ. तेव्हा मात्र माझा तोल सुटला.

“दादा, तुझा अटॅक तुझ्यापाशी ठेव. तिला तिचा येऊ शकतो.”

देवयानी किल्ली घेऊन आधीच बाहेर पळाली होती. आम्ही वहिनीला दोन्ही बाजूंनी धरून गाडीत बसवलं. त्यातही ती शेजारणीला सांगत होती, ताट झाकून ठेवा, मुंग्या लागतील. दवाखान्यात पोचल्यावर दादाने काउंटरवर फाइल दिली, ती सवयीने त्याची स्वतःचीच आणली होती. वहिनीच्या नावाची फाइल आमच्या घरात नव्हतीच.

ईसीजीचा कागद बघून डॉक्टरीणबाईंची धावपळ सुरू झाली. अटॅकच होता. त्या म्हणाल्या, छातीत दुखणं हे नेहमीचं लक्षण आहेच, पण बायकांमध्ये कधीकधी ते नसतंही. जबडा, पाठ, धाप, मळमळ, गार घाम, न समजणारा थकवा, एवढंच दिसतं आणि घरचे पोटाचं औषध देत बसतात. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून होतंय? दादा म्हणाला, आज सकाळपासून.

स्ट्रेचरवरून वहिनी बारीक आवाजात म्हणाली, “परवापासून.”

“मला सांगायचं नाही?” दादा म्हणाला.

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, छातीत दुखलं असतं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला त्याचाच सर्वांत जास्त राग आला. तिला आत नेलं. दादा बाकावर बसला आणि आमच्या आईच्या वेळी रडला नव्हता तसा रडला. मी त्याला रडू दिलं. समजूत घालायची माझी इच्छा नव्हती.

स्टेंट घातला, वहिनी वाचली. पण उशीर झाल्यामुळे हृदयाचा थोडा भाग कायमचा गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो परत येत नाही, आता जपून राहायचं. वहिनी घरी आल्यावर पाहुणे आले. दादाने सवयीने छातीवर हात ठेवून सुरुवात केली, मग हात खाली घेतला आणि म्हणाला, तिला विचारा. वहिनीने पाहुण्यांना सांगितलं, काही नाही हो, पित्ताचं निमित्त झालं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, नाहीतर मी काहीतरी फेकून मारलं असतं.

पुढच्या बासोड्याला तिला चाकसूच्या जत्रेला जायचंच होतं. देवीचं देऊळ डोंगरीवर, पायऱ्या चढायला तिला बंदी. शेवटी ठरलं की ती खाली माझ्याजवळ बसेल आणि दादा नैवेद्य घेऊन वर जाईल. दादाने आदल्या दिवशी स्वतः पुऱ्या तळल्या होत्या. त्या पापडासारख्या झाल्या होत्या, पण देवीने काही म्हटलं नाही.

दादा घामाघूम होऊन उतरला तशी वहिनी त्याच्या गोळ्यांसाठी पर्स उघडत उठली. मी तिला ओढून खाली बसवलं. दादाने धापा टाकत तिलाच विचारलं, “तुला दुखतंय का कुठे?”

मी “काही नाही” ऐकायच्या तयारीत होते. वहिनीने जरा वेळ साडीचा पदर चाळवला.

“हो,” ती म्हणाली. “पाठीत. आणि मळमळतंय थोडं.”

त्यानंतर टोंक रोडवर देवयानीने गाडी कशी पळवली ते मला आठवायचंही नाही. दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त तपासलं, थांबवून घेऊन पुन्हा तपासलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हृदयाला काही झालेलं नाही. उपाशीपोटी उन्हात बसल्यामुळे पित्त झालंय.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरंच पित्त. मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनी तर लाजेने अर्धी झाली होती. पदर सारखा करत ती दादाला म्हणाली, “उगाच आलो. सगळ्यांना त्रास.”

दादा तिच्या चपला तिच्या पायांपाशी सरकवत होता. खाली वाकूनच तो म्हणाला, “उगाचच यायचं. दर वेळी उगाच यायचं, प्रभा.”

वहिनीने चपला घातल्या आणि त्याच्या हाताला धरून उठली.