काकांशिवाय आरती

निवडणुकीवरून बाबा आणि काका असे भांडले की दोघांचं बोलणंच बंद. काका आमच्याच मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एक मजला खाली राहतात. गणपतीची सुट्टी लागली, बाप्पा आमच्या घरी बसले, तरी काका काही वर आले नाहीत. आई हिरमुसली. आम्हा कोकणातल्या लोकांची आरती म्हणजे तासभराचं गाणं, आणि आमच्याकडे ढोलकी कायम काकांची.

"तू वाजव," बाबा मला म्हणाले. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ढोलकी काही कॉलेजात शिकवत नाहीत. दुसऱ्याच आरतीला टाळ एकीकडे आणि मी भलतीकडे. तेवढ्यात दार ढकलून काका आत आले.

"अरे, ढोलकी वाजवतोस की चटणी कुटतोस? खाली बसवेना मला!"

त्यांनी माझ्याकडून ढोलकी ओढून घेतली आणि घर दणाणलं. बाबांचा आवाज असा चढला की शेजारीही टाळ्या वाजवत दारात उभे राहिले.

आरती संपल्यावर काका म्हणाले, "दादा, माझं मत मात्र बदलणार नाही हं."

"नको बदलूस रे," बाबा म्हणाले, "पण उद्या वेळेवर ये. याला परत वाजवायला लावू नकोस."