हवेचा अडथळा

आडमुठेपणा शिकवणारी एखादी शाळा खानदेशात निघालीच, तर हेडमास्तर म्हणून माझ्या जुन्या रूम पार्टनरला मुलाखतीशिवाय घ्यावं लागेल. गडी रावेरकडचा, केळीवाल्याचा मुलगा. जळगावात एका अक्कांच्या माडीवर राहून आम्ही इंटर सायन्स करत होतो. मी पहिल्यांदा, तो तिसऱ्यांदा. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं आणि त्याच्या वडिलांनी, आबांनी, बजावलं होतं, "यंदा पास झाला तं पुन्याले जाय, नाही तं घरी ये."

फेकलेल्या दगडाची गणितं खरं तर त्याच्या हातचा मळ. झोपेतून उठवून विचारा, सूत्रं घडाघडा म्हणेल. पण पुस्तकात प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी 'हवेचा अडथळा सोडून द्यावा' अशी ओळ असायची, आणि तिथे आमचे चिरंजीव फुरंगटून बसत. "वारा सोडून द्या म्हन्ता? लिहिनाऱ्याले मृगाच्या तोंडावर आमच्या रावेरले आना म्हना एकदा!" दिवसभर हेच पालुपद. एकदा पुस्तक खोटं ठरवायला त्यानं गच्चीवरून, कोनबिन मोजून, लिंबू फेकलं. हिशेबानं ते रिकाम्या अंगणात पडायचं. पडलं अक्कांनी वाळत घातलेल्या कुरडयांवर. "मन्या बठ्ठ्या कुरडया मोडी टाक्यात रे!" आपल्या सगळ्या कुरडया मोडल्या म्हणून अक्का अहिराणीत कडाडल्या. हा वरून आनंदानं ओरडतोय, "वाऱ्यानं नेलं, अक्का! मी म्हनत होतो ना!" नेम चुकला असं कबूल करील तर शपथ.

पेपराच्या दिवशी मी त्याला हात जोडले. "बाबा रे, तेवढं एक खोटं लिही. मार्क खरे मिळतात." त्यानं नंदीबैलासारखी मान हलवली, आणि सर्वांत मोठ्या गणिताखाली लिहून आला, 'वारा किती, ते दिलेलं नाही, सबब चेंडू कुठे पडेल ते सांगता येत नाही.' वर मलाच विचारतो, "बराबर लिहिलं ना?" अशा माणसापुढे कपाळ तरी किती बडवून घ्यायचं?

निकाल लागला तेव्हा तो गावी होता. मी पास, तो फिजिक्समध्ये नापास. ही बातमी तोंडावर सांगून त्याला चांगला झाडायचा, म्हणून मी मुद्दाम रावेर गाठलं. आदल्या संध्याकाळी तिकडे वादळ झालं होतं. घडांनी लगडलेली त्यांची सगळी बाग एकाच दिशेला आडवी पडली होती. आबा बांधावर नुसते बसून होते. तो कोयत्यानं कच्चे घड सोडवत होता. मला पाहून म्हणाला, "फिजिक्समधीच ना?"

मी मान हलवली.

"चाल, हात लाव."

अंधार पडेपर्यंत आम्ही घड वाहिले. गाडीत घोकलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. पुढे मी इंजिनिअर झालो, तो झाला नाही. लेकाचा आडमुठा तो आडमुठाच. पण अजूनही मृगाच्या तोंडावर, संध्याकाळी खिडकी धाडकन आपटली, की मला आधी त्याची बाग आठवते, आणि मग बराच वेळ कशात लक्ष लागत नाही.