आत्याच्या गाण्यातल्या मोकळ्या जागा

शनिवारी मुळशीच्या रिसॉर्टवर तुम्ही कारंज्याखाली नाचता, तेव्हा तुमचं गाणं कुठवर जातं, हे कधी कुणाला विचारलंत का?

आमच्या घरात येतं. आता ते आत्याच्या गाण्यातही शिरलंय.

आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगेनात. म्हणून त्याआधीच्या शनिवारी दुपारी मी तिला पडवीत बसवलं आणि तिचं भातलावणीचं गाणं रेकॉर्ड केलं. ते हाकेचं गाणं. एक ओळ म्हणायची नि थांबायचं. पलीकडच्या खाचरातल्या बायका उत्तर देणार, मग पुढची ओळ. त्या बायका आता रिसॉर्टच्या चादरी धुतात. उत्तराला कुणी नव्हतं, तरी आत्या सवयीनं प्रत्येक ओळीला थांबत होती.

मी चळवळीच्या पत्रकांत वाढलो. वडील ती भिंतींना चिकटवायचे, खळीची बादली माझ्या हातात. आपलं म्हणणं आपणच छापायचं, कुणाच्या दारात परवानगी मागायची नाही, हे तिथंच शिकलो. गाणंही तसंच, कुठल्या कंपनीविना लोकांपुढे ठेवायचं होतं. त्याआधी माण गावी गेलो. तिथं भाड्याच्या खोलीत माझा मित्र मास्टरिंग करतो. तयार गाण्यावर तो शेवटचा हात फिरवतो, मग ते मोबाइलवर, गाडीत, कुठंही नीट ऐकू येतं. त्यासाठी दबलेले आवाज वर उचलावे लागतात.

त्यानं उचलले. आत्या जिथं जिथं थांबली होती, तिथं धप् धप् धप्.

"ढोल कुणी वाजवला रे?" मित्रानं विचारलं.

"कुणीच नाही."

मग ओळखलं. धरणाच्या पाण्यापलीकडचा रिसॉर्ट. रेकॉर्ड करताना तिथला ठोका ना मला ऐकू आला, ना आत्याला. इतका तो आमच्या अंगवळणी पडला होता.

मित्रानं मोकळ्या जागा कापून शांतता भरली. पण तो ठोका आत्याच्या आवाजाखालीही होता. तो काढला की तिचा भरदार खर्जही जाई आणि कुणी दुसरीच गातेय असं वाटे.

"पुन्हा घेऊ या," तो म्हणाला.

"कसं घेणार? ऑपरेशन झालं तिचं."

घरी येऊन आत्याला दोन्ही ऐकवली, ठोक्यासकट आणि ठोका काढलेलं. ती आता नुसती कुजबुजते.

"आगं बया! बँड लावलास व्हय रं? माझं लगीन ठरलं का काय?"

"चेष्टा नको, आत्या. त्यो आवाज काढला तर तुजाबी जातोय."

ती पाण्याकडे बघत राहिली. "मंग राहू दे त्यो. म्या हाक मारली, बायका न्हाई आल्या. ज्यो आला त्योच ऐकू येनार. खोटं कशापायी सांगायचं?"

गाणं तसंच बाहेर सोडलं. आत्यानं ते पुन्हा लावायला सांगितलेलं नाही.

पुढच्या शनिवारी याल, तेव्हा आधी काउंटरवर जा आणि बाहेरचे स्पीकर बंद करायला सांगा. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुमचं ऐकतील. आम्ही सांगून बघितलंय.