मोंढ्यातल्या मल्लेशचा जबडा

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बावीस वर्षं सौदा पुकारणारा मल्लेश आठ महिन्यांपासून एक गोष्ट सगळ्यांपासून लपवत होता. त्याचा जबडा अडकत होता. बोली रंगात आली की उजव्या कानापुढं कट्कन वाजायचं आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडायचंच नाही. मग हा पठ्ठ्या खोकल्याचं सोंग करायचा, रुमालाआड जबडा हळूच डावीकडं सरकवायचा, की सुटला! आडत्या अमृतरावांना कळलं तर आपल्या जागी दुसरा उभा राहील, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती.

शेवटी भाकरीही चावेना, तेव्हा बायको वर्षाराणीनं त्याला धरून लातूरला आणलं. तिथल्या दातांच्या डॉक्टर पुनम मॅडम तोंडाच्या हालचालींचा एमआरआय काढून अभ्यास करत होत्या. तोंड उघडताना-मिटताना सांधा आतून कसा चालतो, ते त्यात दिसायचं.

धातूचं काहीच आत न्यायचं नव्हतं. गळ्यातलं, कधीही न उतरवलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट वर्षाराणीच्या हाती देताना मल्लेशला उघडं पडल्यासारखं झालं.

आत यंत्राचा धडधडाट सुरू झाला. "तोंड उघडा," स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला. मल्लेशनं सवयीनं तीच युक्ती केली आणि तोंड झकास उघडलं. पास झालो, असं वाटून त्याला बरंही वाटलं. दुखणं दाखवायला येऊन तिथंही चांगलं दिसायची धडपड, याला काय म्हणावं!

"काका, जबडा डावीकडं नेऊ नका. सरळ उघडा."

"मॅडम, सरळ उघडलं की अडकतंय. सुटलंच न्हाई तर?"

"अडकू द्या. मला तेच बघायचंय."

त्यानं डोळे गच्च मिटले आणि तोंड सरळ उघडलं. कट्कन वाजलं, जबडा थांबला. हलायचं नव्हतं, ओरडता येत नव्हतं. अंगाला दरदरून घाम सुटला. आता हे असंच राहणार, असं त्याला खरोखर वाटलं. "झालं काका, आता सोडवा," असं मॅडम म्हणेपर्यंत त्याचा जीव अर्धा झाला होता.

बाहेर आल्यावर मॅडमनी पडद्यावर दाखवलं. सांध्यातली मऊ चकती पुढं घसरली होती. "दातांवर प्लेट बसवू. पण तीन महिने ओरडणं बंद. नाहीतर एक दिवस जबडा तुमच्या युक्तीनंही सुटायचा नाही."

बसस्थानकावर मल्लेशनं तीनदा मोबाइल काढून परत खिशात ठेवला. चौथ्यांदा लावला.

"मालक, जबडा बिघडलाय माझा. आठ महिने झाले, सांगितलं न्हाई तुम्हाला. आता तीन महिने पुकारता येणार न्हाई."

मालक चिडतील, कधी झालं, कसं झालं ते विचारतील, म्हणून तो मनात उत्तरं जुळवत उभा राहिला.

"बरं," अमृतराव म्हणाले. "मग उद्यापासून तुझ्या जागी माप घेणाऱ्या आपल्या निवृत्ती मापाड्याला उभं करतो." आणि फोन ठेवला.

बावीस वर्षं सौदा पुकारलेल्या माणसासाठी त्यांना घटकाभर विचारही करावा लागला नाही. मल्लेशला ते फार लागलं.

"काय म्हणाले मालक?" वर्षाराणीनं विचारलं.

"बरं म्हणाले," मल्लेश म्हणाला आणि उदगीरच्या बसकडं चालू लागला.