माईंनी घर भाड्याने दिलं तेव्हा

घर भाड्याने द्यायला लागलं की भाडं यायचं तेव्हा येतं, किस्से मात्र रोज येतात! ते कोणी मुद्दाम जमवत नाही. माणसं येतात, सामान लावतात, भांडतात आणि एक दिवस ट्रंक उचलून चालू लागतात. मागे राहतात भिंतीतली खिळ्यांची भोकं आणि एखादा किस्सा. भोकं आम्ही चुन्याने बुजवली. किस्से तसेच राहिले.

मी पालघरची. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा तारापूरकडे विजेच्या केंद्राचं काम नुकतंच निघालं होतं. स्टेशन रोडवर माझ्या सासऱ्यांचं, अप्पांचं, भांड्यांचं दुकान आणि त्याच्या पाठीला लागून आमचं कौलारू घर. तोवर बोईसर म्हणजे भाताचं आणि गवताच्या वखारींचं झोपाळू स्टेशन. आता प्रत्येक गाडीतून बुशशर्ट घातलेली, ट्रंका घेतलेली माणसं उतरायची आणि दिसेल त्या दाराशी उभी राहायची. गावाला कसली तरी घाई सुटली होती. कोणाला एका जागी बसवत नव्हतं.

सगळ्यात कमी बसवत होतं आमच्या माईंना. माई म्हणजे माझ्या सासूबाई!

*

माईंना तोवर हिंदीचा गंध नव्हता. एका दुपारी त्या ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. उंच, घामाघूम झालेला एक माणूस दाराशी आला आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, कमरा खाली है?"

माईंनी सूप बाजूला ठेवलं. कमरेला हात लावून पाहिला. मग अगदी मायेने म्हणाल्या, "खाली नाय रे बाबा, जरा वाकडी हाय. वातामुळं."

तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी पदर तोंडात कोंबून आत पळाले! शेवटी आमच्या ह्यांनी दुकानातून येऊन उलगडा केला. माईंचे डोळे चमकले.

"म्हंजे खोलीचे पैशे देनार हा? नुसतं ऱ्हायचे?"

त्याच संध्याकाळी मधली खोली गेली. ती खोली आमची होती, माझी आणि ह्यांची. मी सासरी येऊन लावलेली ट्रंक पुन्हा उचलली.

*

बाहेरच्या माणसांनी दुकानात एक नवीन खूळ आणलं. त्यांना भाव करायला वेळ नसायचा. किंमत विचारायची, द्यायची, चालू लागायचं. अप्पांना ते फार मॉडर्न वाटलं. त्यांनी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, 'एकच भाव', आणि गल्ल्यामागे टांगली.

पाटी वाळते न वाळते तोच मासवणकडचा एक शेतकरी आला. लेकीच्या लग्नाला हंडा घ्यायचा होता. त्याने हंडा वाजवून पाहिला, उन्हात धरून पाहिला, पसंत केला आणि ऐसपैस मांडी घालून बसला.

"बोला शेट, काय घेनार?"

अप्पांनी किंमत सांगितली. त्याने निम्मी सांगितली. अप्पांनी पाटीकडे बोट दाखवलं. "आता भाव एकच."

"एकच? मग दुसरा कुटं गेला?"

"दुसरा नाहीच."

तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. वाचता येत नव्हतं, पण बघत राहिला. मग उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "भाव करायचा नाय, तर तुमी-आमी बोलायचं काय?" असं म्हणून हंडा जागेवर ठेवून निघून गेला.

अप्पांचा तो सगळा दिवस वाईट गेला. उगाच आत-बाहेर करत होते. चहा पुढ्यात निवला. दिवेलागणीला त्यांनी पाटी काढली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली.

पुढच्या बाजाराला तो माणूस दुकानासमोरून चालला होता. पायरीवर थबकला. आत न येताच त्याने विचारलं, "काय शेट, दुसरा भाव आला काय गावावरनं?"

"कालच आला!" अप्पा ओरडले. "या, बसा!"

*

मागच्या पडवीत एक बंगाली जोडपं आलं. तो ड्राफ्ट्समन, दिवसभर कामावर. ती एकटी. तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला बंगाली येत नव्हतं. दिवसभर दारात उभी राहून रस्त्याकडे बघायची. बोलायची फक्त एकीशी, पारूबायशी!

पारूबाय सातपाटीची. पहाटेची मासळी टोपलीत घेऊन पालघरला यायची आणि शटल पकडून बोईसरला. ती टोपली उतरवायची, आणि बंगाली वहिनी कल्ला उघडून, नाक लावून विचारायची, "टाटका?"

म्हणजे ताजा का. पारूबायला काय कळणार!

"टाकते कशाला? घे ना!"

"टाटका? टाटका?"

"अगो, सकाली माज्या नवऱ्याशी बोलत होता हा पापलेट! बघ कसा डोला मारतो!"

मग जी जुंपायची! एक बंगालीत, एक कोळी बोलीत. हातवारे, टोपली उचलणं, चार पावलं जाणं, परत येणं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळायचा नाही आणि सौदा रोज व्हायचा. भांडण संपलं की वहिनीच्या गालावर जरा रंग आलेला असायचा.

पावसाळा लागला, होड्या किनाऱ्याला ओढल्या गेल्या. मासळी बंद. वहिनी पुन्हा दारात. जेवण टाकायला लागली, नवरा काळजीत पडला. तिला माहेरी पाठवून द्यावं, नोकरी सोडावी, असं काहीबाही माईंशी हिंदीत बोलायला लागला.

आणि एका दुपारी, भर पावसात, पारूबाय दारात हजर! डोक्यावर टोपली. वहिनी धावत आली, टोपलीत वाकून बघते तर टोपली रिकामी.

"मासली कुठची आता!" पारूबाय ओल्या लुगड्यानिशी पायरीवर बसली. "म्हटलं, भांडून तरी येव!"

*

आमचे धाकटे दीर वसंत भावजी. त्यांच्या लग्नाला कोट भाड्याने आणायचा ठरला. त्या वेळी आमच्या भागात भाड्याने मिळणारा काळा कोट एकच होता, पालघरच्या एका लाँड्रीवाल्याकडे. कोणीतरी धुवायला टाकून परत न्यायलाच आला नव्हता म्हणे!

लग्नाच्या दिवशी सकाळी कळलं की कोट पालघरच्याच दुसऱ्या लग्नात अडकलाय. लाँड्रीवाल्याने निरोप धाडला, "काळजी नको. त्यांचं लग्न सकाळचं आहे. मग वऱ्हाड शटलने डहाणूला निघेल. नवरदेव कोट गाडीतून देतील."

आम्ही अर्धं वऱ्हाड स्टेशनवर! भावजी मुंडावळ्या बांधून, शर्टावर, प्लॅटफॉर्मवर येरझारा घालतायत. मुहूर्त जवळ येतोय, गाडीचा पत्ता नाही. भटजींचा निरोप्या येऊन गेला. भावजींची होणारी बायको बोहल्यामागे रडायला लागली, तिला वाटलं नवरदेव पळाले!

गाडी आली एकदाची. खिडकीतून मुंडावळ्या दिसल्या. आमचे हे ओरडले, "कोट! कोट!" तो नवरदेव घाईघाईने कोट काढायला लागला तर बटण अडकलं. त्याची नवी कोरी बायको लाजणं सोडून बाही ओढायला लागली. इंजिनाने शिट्टी दिली. गाडी हलली, आणि खिडकीतून कोट भावजींच्या तोंडावर येऊन पडला!

पाठोपाठ त्या नवरीचा आवाज आला, "अहो, बाह्या आखूड आहेत! फोटोत हाताची घडी घाला!"

लग्न लागलं. फोटो निघाला. नंतर कधी पालघर-बोईसरकडच्या कोणाच्या घरी गेलात आणि भिंतीवर त्या काळातला लग्नाचा फोटो दिसला, तर नीट बघा. निम्मे नवरे हाताची घडी घालून उभे आहेत!

*

एव्हाना स्वतःची सोडली तर माईंकडे द्यायला खोली उरली नव्हती. तरी नायर आला. केरळचा, वेल्डर, गरीब चेहऱ्याचा. "कुछ भी चलेगा, माताजी."

माईंनी इकडेतिकडे पाहिलं. ओटीवर झोपाळा होता. त्यांनी झोपाळा भाड्याने दिला!

नायर तिथे पाय पोटाशी घेऊन झोपायचा. वर्षभराने त्याला कॉलनीत क्वार्टर मिळालं, पेढे वाटून गेला. महिन्याभरात परत आला. डोळे खोल गेलेले. झोपच येत नाही म्हणाला, पलंग हलत नाही. "माताजी, झोपाळा विकत द्या."

माईंनी दिला. सौदा झाला, झोपाळा हातगाडीवर चढून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच हातगाडीवरून परत आला! क्वार्टरला सिमेंटचा स्लॅब, त्याला कड्या नाहीत. टांगायचा कशाला?

"पैसे परत करा, माताजी."

"इकलेली वस्तू परत नाय घेत आमी," माई म्हणाल्या. "पन टांग हितं. बस येऊन रविवारचा."

नायरचे डोळे भरून आले. तो पाया पडायला वाकला, तेवढ्यात माई म्हणाल्या, "झोपाला तुजा. आढं आमचं. आढ्याचं भाडं दे!"

*

एकच भाडेकरू असा आला की त्याच्याशी माईंनी भाड्याची गोष्ट काढली नाही. किनाऱ्यावरच्या एका वाडीतली घरं विजेच्या केंद्राच्या कामासाठी उठली होती. तिथला एक म्हातारा तांडेल, आयुष्यभर होडी चालवलेला, बायकोला घेऊन बैलगाडीतून आला. गाडीत जाळं, वल्हं, दोन हंडे. नवीन घर बांधून होईस्तोवर कुठेतरी राहायचं होतं. माईंनी विहिरीजवळची गोठ्याची खोली सारवून दिली.

म्हातारी रुळली. तिने कुंपणावर बोंबील वाळत घातले, मांजरांशी वैर मांडलं. तो मात्र बसायचाच नाही. सकाळी उठून समुद्राकडे चालू लागायचा, ऊन चढल्यावर परत यायचा. आला की दाराच्या चौकटीला हात लावून नुसता उभा. माई विचारायच्या, "तांडेल, खोलीत काय कमी हाय काय? सांगा."

"नाय बाय. काय कमी नाय."

घर बांधून झालं. निघताना त्याने माईंच्या हातावर सुका जवळा ठेवला आणि खोलीकडे वळून पाहिलं.

"घर बरं हाय तुमचं," तो म्हणाला. "पन हालत नाय."

*

आता आमचं दोघांचं सांगते. मधली खोली गेल्यावर आम्ही माजघरात आलो. माजघरात एक सुपरवायझर आला, तसे आम्ही दुकानामागच्या भांड्यांच्या कोठीत गेलो. कूस बदलली की वरून परात पडायची! हे म्हणायचे, "थोडे दिवस." माईंना सांगायची त्यांची छाती नव्हती. मला कुठेही पाठ टेकली की वाटायचं, आता उठवायला येतील.

त्यात त्या फाल्गुनात मला पितळेचा वास सहन होईना. कोठीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं. का ते मला कळलं होतं. अजून कोणाला बोलले नव्हते, ह्यांनाही नाही.

आणि त्याच आठवड्यात माईंनी त्यांची स्वतःची कोपऱ्याची खोली द्यायला काढली. घरातली शेवटची. "मी झोपेन सैपाकघरात," म्हणाल्या. एक ओव्हरसियर बघायला आला. खोलीला खिडकी, आतून कडी. त्याला फार आवडली. ओटीवर बसून चहा पीत होता, आगाऊ भाड्याची नोट हातात घेऊनच.

माई आत चावी आणायला आल्या. मी दारात आडवी उभी राहिले.

"माई, ती खोली मला हवी. भाड्याने."

माई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता कडाडणार. पण त्या खाटेवर बसल्या, चष्मा लावला आणि येणाऱ्या भाडेकरूला विचारावं तशा म्हणाल्या, "मानसं किती?"

"दोन."

"पक्की दोन? मागनं वाढवायची नाय हां."

मी खाली मान घालून म्हटलं, "तीन होतील."

"कदी?"

"आश्विनात."

बाहेर ओव्हरसियरने बशीत कप ठेवल्याचं ऐकू आलं. माईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. माझ्या पोटाकडे पाहिलं नाही, तोंडाकडेही पाहिलं नाही. उठल्या, चावी माझ्या मुठीत कोंबली आणि ओटीवर गेल्या.

"खोली गेली," त्यांनी ओव्हरसियरला सांगितलं.

"गेली? अभी तो खाली थी, माताजी! किसने ली?"

"हाय एक भाडेकरू."

"मैं उससे बात करता हूँ. कहाँ है वो?"

"अजून यायचा हाय," माई म्हणाल्या, आणि त्याचा रिकामा कप उचलून आत आल्या.